'मिस'चं काळं घर

आमच्या शाळेत इंग्रजी शब्दांना घरं होती आणि ती बांधायचं काम माझ्याकडे होतं.

मी कराडच्या हायस्कुलात ड्रॉइंगमास्तर होतो. वय चोवीस. मुलांना आंबा काढायला सांगितला की ती बटाटा काढत, आणि मी त्यालाच देठ जोडून त्याचा आंबा करीत असे. ड्रॉइंगमास्तराला शाळेत कुणी फारसं विचारत नाही. इंग्रजी शिकवणाऱ्या सरांनी विचारलं. एका दुपारी ते माझ्या खोलीत आले, बाकावर छत्री आडवी ठेवली आणि म्हणाले, "ड्रॉइंगमास्तर, तुम्हांला घर काढता येतं का?"

"कसलं घर?"

"ओटा, सोपा, माजघर, परसू असलेलं. आठ-दहा माणसं राहतील असं."

मला वाटलं, सर घर बांधताहेत. इंग्रजीचा मास्तर घर बांधतोय म्हणजे शिकवण्या बऱ्या चालल्या असाव्यात. मी अदबीनं विचारलं, "राहणार कोण कोण?"

"'कॉन'ची मंडळी," सर म्हणाले. "कनेक्ट, कॉन्ट्रॅक्ट, कन्सेंट, काँग्रेस. जोडणं, करार करणं, रुकार देणं, एकत्र जमणं. एकाला दुसऱ्यावाचून करमत नाही. एकत्र कुटुंब आहे. सोपा मोठा काढा."

मी तो पुठ्ठ्यावर काढला. सोप्यात कनेक्ट बसवला, माजघरात कन्सेंट, आणि ओट्यावर, चार माणसं जमतात तिथं, काँग्रेस. सरांनी चित्र हातभर लांब धरून पाहिलं, तपकिरीची चिमूट ओढली आणि म्हणाले, "छान. आता 'रि'चं काढू. ती माणसं सारखी परत येतात. दार मोठं ठेवा."

सर उंच, वाळलेले, बारा महिने काळ्या कोटातले. कोटाच्या चारी खिशांत कागदाच्या पट्ट्या, पट्टीवर एक शब्द. चालता चालता शब्द सुचला की थांबत आणि रस्त्यातच लिहीत. एकदा कृष्णेच्या वाळवंटात कुंभाराचं गाढव त्यांना येऊन धडकलं तरी यांची पट्टी पुरी झाली नव्हती. डोक्याला काळी टोपी. ती ते वर्गात काढत नसत, शिक्षकांच्या खोलीत नाही, घरी जेवतानाही नाही. आणि तोंडानं इंग्रजी कधी बोलत नसत. इन्स्पेक्टर आला तरी मराठीतच बोलायचे. "इंग्रजी वाचायला आहे," म्हणायचे, "बोलायला आपली आहे की."

त्यांचं म्हणणं असं होतं की शब्दाला एकटं गाठू नये. एकटा शब्द थापा मारतो. त्याच्या घरी जावं, भाऊबंद पाहावेत, मग तो कसा आहे ते आपोआप कळतं. ज्यांची सुरुवातीची अक्षरं एक, ती एका घरची. मुलांना ते दर सोमवारी एक घर देत. "अनोळखी शब्द आला तर घाबरायचं नाही. पहिली अक्षरं बघायची. घर ओळखलं की माणूस ओळखला." मुलं हे सुरात म्हणायची.

माणसांनाही त्यांनी घरं वाटली होती. हेडमास्तर 'ऑब'च्या घरचे: ऑब्स्टिनेट, ऑब्जेक्ट, ऑब्स्टॅकल. हट्टी, हरकत घेणारे, आडवे येणारे. मला म्हणाले, "तुम्ही 'ड्र'चे. ड्रॉइंग, ड्रीम, ड्राउझी. स्वप्नं बघणारे, पेंगणारे. ड्रेनसुद्धा शेजारीच राहतो, जपून." हेडमास्तर त्यांच्या या उद्योगावर वैतागत. "मिस्टर कुठं राहतो हो तुमचा? 'मिस'च्या घरात?" असं त्यांनी एकदा सगळ्यांसमोर विचारलं. सर म्हणाले, "तो पाहुणा आहे. जेवून जाईल." आम्ही हसलो. प्रश्न बरोबर होता, हे तेव्हा आमच्यापैकी कुणालाच वाटलं नाही. सरांच्या मुलांना इंग्रजीत मार्क चांगले पडत, त्यामुळे हेडमास्तरही पुढे काही बोलले नाहीत.

'मिस'चं घर मी काढलं होतं, आणि ते माझं सगळ्यांत चांगलं चित्र होतं, असं आजही लाजत सांगतो. सर म्हणाले होते, "या घरात चांगलं माणूस नाही. मिस्टेक म्हणजे चूक, मिझरी म्हणजे हाल, मिसफॉर्च्यून म्हणजे दुर्दैव, मिसलीड म्हणजे वाट चुकवणं. पोरांनी लांबूनच ओळखलं पाहिजे." मी काळी शाई उघडली. भिंती काळ्या, दार अर्धवट उघडं, परसात वठलेला निंब, आणि तुळशीवृंदावनात तुळस नाही. ती नसलेली तुळस मला फार सुचली म्हणून मी दोन दिवस खूष होतो. पुठ्ठा वर्गात टांगला तेव्हा पोरं गप्प झाली.

आमच्या भागात तेव्हा घरटी एक माणूस पलटणीत होता. लढाई सुरू झाली तशी गुरुवारच्या बाजाराला आलेली माणसं सरकारी कागद घेऊन सरांकडे येऊ लागली. सर शाळेच्या पायरीवर बसत. आलेल्याला आधी पाणी देत, मग कागदातल्या मोठ्या शब्दाचं सगळं घराणं सांगत, आणि मग अर्थ. एक म्हातारा कंटाळून म्हणाला होता, "आवं मास्तर, पावनं ऱ्हाऊ द्या, माजा ल्योक काय म्हंतोय त्ये सांगा की." सरांनी त्यालाही पाहुण्यांसकट सांगितलं.

बेचाळीसच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी एका सकाळी विष्णू शाळेत आला. हा आमचा जुना विद्यार्थी. इंग्रजी तीन यत्ता करून शाळा सुटली आणि आता कडेगावच्या अलीकडे आपल्या गावात मराठी शाळेचा मास्तर झाला होता. गावचं टपालही त्याच्याकडेच असे. सरांच्या पायांना हात लावून म्हणाला, "सर, सरकारला एक इंग्रजी अर्ज लिहून पाहिजे. आमच्या गावचा शिवराम मलायाकडे लढाईत गेला. अस्थी मिळतील का म्हणून विचारायचंय. उद्या दहावा हाय."

"तार आली?"

विष्णूनं खिशातून तार काढली. सरांनी ती वाचली. पुन्हा वाचली. मग माझ्याकडे दिली, का ते मला कळलं नाही. तारेत एवढंच होतं की शिवराम अमुक तारखेपासून मिसिंग असल्याचं कळतं.

"तू काय सांगितलंस घरी?" सरांनी विचारलं.

"वाईट झालं म्हणून सांगितलं."

"मिसिंगचा अर्थ तुला कुणी सांगितला?"

"अर्थ येत नव्हता, सर. पण घाबरलो न्हाई. पहिली अक्षरं बघितली." विष्णूचा आवाज खाली आला. "घर आठवलं. काळं."

सरांचा हात टोपीकडे गेला आणि तिथंच राहिला. आम्ही त्या घरात मिसिंग कधी बसवलाच नव्हता. आम्हांला तो सुचला नव्हता. विष्णूनं त्याला नेऊन बसवला होता, आणि सरांनी शिकवलं होतं अगदी तसंच केलं होतं. एवढा आज्ञाधारक विद्यार्थी सरांना दुसरा मिळाला नसेल.

"मिसिंग म्हणजे मेला नव्हे," सर म्हणाले. "मिसिंग म्हणजे सापडत नाही."

विष्णू बाकावर बसला. म्हणाला, "सर, शिवरामच्या बायकोच्या बांगड्या फोडल्या."

तास सोडून सर निघाले. मला म्हणाले, "तुम्ही चला. घर तुम्ही काढलंय." हेडमास्तर दारात उभे होते, पण त्यांनी हरकत घेतली नाही. लढाईमुळे पेट्रोल नव्हतं, कोळशावर चालणारी सर्व्हिस मोटार होती. चढ आला की आम्ही उतरून चालायचो आणि मोटार मागून धापा टाकत यायची. रस्ता तीन तासांचा होता. सर खिशातल्या पट्ट्या एकेक काढून बघत होते आणि परत ठेवत होते.

शिवरामच्या घरी अंगणात पुरुष माणसं घोंगडी टाकून बसली होती. शिवरामचा बाप मधोमध. उद्याच्या विधीला काय काय न्यायचं ते बोलणं चाललं होतं. सर अंगणाच्या मध्यावर उभे राहिले आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. आत पांढरं, विरळ डोकं होतं. मी ते पहिल्यांदा पाहिलं.

"चूक माझी आहे," सर म्हणाले. "विष्णूची नाही. मी त्याला चुकीचं शिकवलं. तारेत शिवराम गेला असं लिहिलेलं नाही. तो सापडत नाही, एवढंच लिहिलंय."

मग बाप उठला. "म्हंजी जिता हाय माजा ल्योक?"

"तेही लिहिलेलं नाही."

"मग हाय का न्हाई?"

"तो शब्द सांगत नाही."

म्हातारा खवळला. "मग आलासा कशापायी? नऊ दिस रडलो आमी. आता डोळं कोरडं व्हायला लागलं, तर तुमी आलासा परत उकरायला! काय करायचं आमी, सांगा की! रडायचं का वाट बघायची?"

सर टोपी हातात घेऊन तसेच उभे राहिले. मला त्या म्हाताऱ्याचं खरं वाटलं. माझ्या मनात आलं, आपण आलो नसतो तर बरं झालं असतं. आजही कधी कधी तसं वाटतं, आणि मग हौसा आठवते.

हौसा म्हणजे शिवरामची बायको. ती आतून उंबऱ्यापर्यंत आली. वीस-एकवीस वर्षांची असेल. कपाळ मोकळं. हात पदराखाली लपवलेले. सासऱ्याकडे न बघता म्हणाली, "मामा, मास्तरास्नी एक इचारू का?"

त्या घरात सून चार पुरुषांत बोलल्याचं ते पहिलंच असावं.

"मास्तर, गेलं म्हून लिवलंय?"

"नाही."

"हायती म्हून?"

"नाही बाई."

"मग ज्ये लिवलं न्हाई, त्ये माज्या हातावर कशापायी केलं?"

ती रडली नाही. ती खरंच विचारत होती. गावातला कासार अंगणात बसला होता, त्याच्याकडे कुणीतरी पाहिलं. तो हात जोडून मागं सरकला. "मला न्हाई जमायचं. एकदा फोडलेल्या हातात मी बांगडी भरली, तर सवाष्णी माज्याकडनं भरून घित्याल का? उद्या त्यो न्हाई आला, तर पाप कुनाचं?" त्याचंही खोटं नव्हतं. विष्णू भिंतीकडे तोंड करून उभा होता.

तेवढ्यात आतून सासू आली, हातात तेलाची वाटी. ती हौसाजवळ बसली, स्वतःच्या मनगटाला तेल लावलं आणि हिरव्या बांगड्या उतरवू लागली. कष्टाचा हात, सांधे सुजलेले, बांगडी निघेना. निघता निघता एक फुटली आणि तिच्या अंगठ्यामागून रक्त आलं. म्हातारी थांबली नाही. दोन निघाल्या. त्या तिनं सुनेच्या हातात चढवल्या, एका हातात एक.

"पाप माजं," ती कासाराला म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "उद्याचा दहावा न्हाई व्हायचा. पोरगं सापडंना म्हून लिवलंय न्हवं? मग सापडू द्या की."

दहावा झाला नाही. आम्ही परतलो. मोटारीत सर रडले, तोंडावर टोपी धरून. चढ आल्यावर आम्ही उतरलो आणि चालू लागलो.

दुसऱ्या दिवशी सरांनी सगळी घरं वर्गातून उतरवली. एकूण सव्वीस पुठ्ठे. मी म्हटलं, बाकीची राहू द्या, त्यांनी काय केलंय? सर म्हणाले, "तुमच्या 'कॉन'च्या माजघरात कॉन्क्वेस्ट राहतो, दुसऱ्याचा मुलूख जिंकणं. कॉन्व्हिक्ट राहतो, तो तुरुंगात असतो. त्यांना आपण ओट्यावर येऊ दिलं नाही, चित्र बिघडेल म्हणून." मी पुठ्ठे उलटे करून मागच्या कोऱ्या बाजूवर मुलांना आंबे काढायला दिले.

त्यानंतर सर एका तासाला एकच शब्द शिकवू लागले. फळ्यावर शब्द लिहायचे, अर्थ सांगायचे, आणि मग म्हणायचे, "याला कुणी नाही. यालाच भेटा." मुलं कंटाळू लागली. मार्क घसरले. हेडमास्तरांनी दोनदा बोलावून समज दिली. ऑगस्टनंतर चळवळीच्या दिवसांत मुलांनी वर्गात विचारलं, "सर, इंग्रज जाणार. मग हे शब्द कशाला?" सर म्हणाले, "ते जातील. कागद इथंच ठेवून जातील. ते कुणाच्या तरी घरी येतील. तेव्हा तुम्ही तिथं असाल."

बाजाराच्या दिवशी पायरीवर बसणं त्यांनी सोडलं नाही. पण आता पाणी देत, कागद वाचत आणि सरळ अर्थ सांगत. कळला नाही तर "मला कळला नाही" असं म्हणत. ते त्यांना फार जड जात असे. महिन्यातून एका रविवारी ते हौसाच्या गावी जायचे. पलटणीच्या कचेरीकडून काही कागद आलाय का एवढं विचारायचे, ओट्यावर पाणी प्यायचे आणि परत यायचे. सासरा त्यांच्याशी वर्षभर बोलला नाही. मग एकदा त्यानं स्वतःहून शेंगा बांधून दिल्या.

लढाई संपली. पकडलेली माणसं परत येऊ लागली. आसपासच्या गावांतली तीन-चार आली. शिवराम आला नाही.

सेहेचाळीसमध्ये एका गुरुवारी हौसा एकटीच शाळेत आली. सरकारकडून आलेला कागद तिनं उघडलेला नव्हता. विष्णूनं उघडतो म्हटलं तरी त्याला दिला नव्हता. सरांच्या पुढ्यात ठेवून म्हणाली, "तुमीच सांगा. एकच शबुद सांगा, पर त्याचाच."

सरांनी वाचलं. मी शेजारी होतो, मीही वाचलं. शिवराम प्रिझ्यूम्ड डेड असल्याचं कळवलं होतं. सोबत एक छापील फॉर्म होता. खाली अंगठ्यासाठी चौकट होती.

पूर्वीचे सर असते तर 'प्रि'चं घर सांगितलं असतं. प्रेझेंट, प्रिझर्व्ह, प्रेशस. हजर असणं, जपून ठेवणं, मोलाचं असणं. फार घरंदाज माणसं, असं ते म्हणायचे आणि मी त्या घराला कमान काढली होती. आता त्यांनी कागद पुन्हा एकदा वाचला.

"बाई, यात लिहिलंय की शिवराम गेला असं धरून चालत आहोत."

"कोन धरून चालतंय?"

"सरकार."

"कुनी बघितलं?"

"कुणी पाहिलं असं लिहिलेलं नाही."

"आनि हितं अंगठा कशाचा?"

सरांनी फॉर्म माझ्याकडे सरकवला. मीच म्हणालो, "विधवेचा."

हौसानं हात पाहिले. सासूच्या दोन बांगड्यांत आता तिच्या स्वतःच्या बांगड्या मिसळल्या होत्या. म्हणाली, "सरकारनं धरलंया, धरू द्या. मी न्हाई धरलं. तसं लिवा त्येंला."

सरांनी समजावलं. अंगठा दिला नाही तर सरकारकडून काही मिळणार नाही, हे दोनदा सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "लिवा."

सरांनी अर्जाचा कागद घेतला आणि इंग्रजीत एकच ओळ लिहिली. ती मराठीत अशी: कळविण्यात येते की, बाई तसे धरून चालत नाहीत. मी माझी काळी शाई आणली. तिनं त्या ओळीखाली अंगठा उठवला. छापील फॉर्म कोराच परत गेला.

पुढे सर निवृत्त होऊन सांगलीला पुतण्याकडे राहायला गेले. मला त्यांची पत्रं येत. हवापाणी, गुडघे, पुतण्याची मुलं गणितात कशी आहेत, असं असे. शेवटची ओळ प्रत्येक पत्रात तीच: "तिकडे गेलात तर हात पाहून या. मला आता जाववत नाही."

इंग्रज गेले त्या वर्षीच्या दिवाळीत मी गेलो. हौसा अंगणात शेंगा वाळत घालत होती. सासू अंथरुणाला खिळली होती, सासरा गेला होता. मला पाहून तिनं डोक्यावर पदर घेतला, हातातलं सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "मास्तर बरं हायती न्हवं?" मी बरे आहेत म्हणून सांगितलं. पाणी प्यालो. मी कशाला आलोय हे तिला ठाऊक असावं, कारण तांब्या परत घेताना तिनं बांगड्यांचे हात पदरात घेतले नाहीत.

कराडला आल्यावर सरांना पोस्टकार्ड लिहायला बसलो. खूप काही लिहायचं मनात होतं. काळ्या घराबद्दल, त्या नसलेल्या तुळशीबद्दल, माझ्या शाईबद्दल. मग ते सगळं राहू दिलं आणि कोऱ्या कार्डावर एकच शब्द लिहून टपालात टाकला.

"आहेत."